कॅसेट उलटी करून भर

माझ्या भावाला, चंद्रभानला, मी सांगितलं होतं, "कॅसेट उलटी करून भर." ह्यात न समजण्यासारखं काय होतं, तुमीच सांगा!

माय गेली तवापासून आप्पा माझ्याकडं, बोरीलाच राहायलेत. कान गेलेत. माझ्या दिरानं पुण्याहून वॉकमन आणून दिला, तो लावला की मात्र साफ ऐकू येतं. आमचा टेप चालू होता तवा मी मायचा आवाज कॅसेटवर भरला होता, एका बाजूला. शेंगदाणे कुटता कुटता ती बोलत राहिली होती, मधीच कोंबड्यांवर खेकसायची. आप्पा रोज तेच ऐकायचे.

एक दिवस म्हणाले, "चंद्रभानचं अन् लेकरांचं बी ऐकावं वाटतंय." वॉकमनमध्ये काय आवाज भरता येत न्हाई. सोनपेठला चंद्रभानकडं टेप हाय, अन् कॅसेटची दुसरी बाजू रिकामीच होती. म्हणून पाठवली. मलाच लय हौस!

शनिवारी भाऊ एस्टीनं आला. आप्पांच्या कानाला वॉकमन लावला अन् छाती फुगवून म्हणाला, "ताई, अभंग बी म्हनले. पार उलटी फिरवून पयल्यापासून भरली."

"फिरवून? कोणत्या बाजूला?"

"वर होती त्याच की. तूच म्हनलीस उलटी कर. केली रिवाईंड."

"आरं मुडद्या, पालथी घालायची होती! माय पुसलीस तू!"

आप्पांना ह्यातलं काही ऐकू गेलं न्हाई. ते ऐकायलेत आपले, मान हलवायलेत. त्यांना कसं सांगावं, काय सांगावं, मला रडूच फुटलं.

बऱ्याच वेळानं आप्पा एकदम ताठ झाले. मी त्यांच्या डोक्यावरचं काढून माझ्या कानाला लावलं. चंद्रभानचं संपलं होतं. त्याच्या पुढं मायचं शेपूट तेवढं राहिलं होतं, "मालन, किती येळ चालू ठेवतीस? सेल जळायलेत. बंद कर की आता."

बस, एवढंच.

"पुन्यांदा लाव," आप्पा म्हणाले.

मी थोडीशीच मागं घ्यायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"पयल्यापासून लाव. ह्याचं बी ऐकतो, ती येईस्तोवर."