धाप लागणारी पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे आणि मला धाप लागते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म अमेरिकेत, व्हर्माँटमधल्या एका कारखान्यात झाला. अंग अक्रोडाच्या लाकडाचं, आत सुरांच्या पितळी पट्ट्या, पोटात कापडी भाता आणि त्यात हवा खेळवायला पायाखाली दोन फळ्या. मालगाडीतून, भुशात बसून मी नेब्रास्कात आले. प्लॅट नदीकाठच्या एका गावात मेथडिस्ट पंथाच्या मंडळींचं पांढरं लाकडी चर्च होतं, तेच माझं घर झालं.

पहिल्याच रविवारी माझ्यासमोर येऊन बसली अ‍ॅडेला टिलटसन. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. लहानपणी घोड्यावरून पडल्यामुळे तिचा उजवा गुडघा कायमचा दुखरा होता. डावा पाय दणकन पडायचा, उजवा कुरकुरत यायचा. त्यामुळे माझा भाता कधी नीट भरलाच नाही. भजनाची प्रत्येक ओळ मोठ्या रुबाबात निघायची आणि शेवटाकडे बसत जायची. गावकरी तशाच चालीत गायला शिकले. परगावचे पाहुणे आले की ते बिचारे ओळ ताणत राहायचे आणि आमची मंडळी केव्हाच श्वास घेऊन मोकळी झालेली असायची. मला फार गंमत वाटायची.

अ‍ॅडेलाचा मुलगा वेंडेल रांगत्या वयापासून तिच्या पायांशी, माझ्या फळ्यांजवळ खेळायचा. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि मोठा संगीतकार झाला. नावाजलेले वाद्यवृंद त्याच्या रचना वाजवू लागले. पेपरात फोटो आला की गावकरी तो कापून न्हाव्याच्या दुकानात चिकटवायचे. एकदा त्याचं संगीत रेडिओवर लागणार म्हणून सगळं गाव चर्चच्या तळघरात जमलं. वेंडेलही तेव्हा सुट्टीवर आला होता. कार्यक्रम संपला तशी अ‍ॅडेला म्हणाली,

"पोरगं हुशार आहे हो माझं. पण हे काय संगीत? कपाटातली पातेली एकामागून एक खाली यावीत तसं!"

सगळे हसले. वेंडेलही हसला, पण नंतर वर माझ्या बाकावर येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. जगाने वाखाणलं, पण आईने एकदाही 'छान' म्हटलं नाही, ही सल त्याला वर्षानुवर्षं टोचत राहिली.

मग अ‍ॅडेला म्हातारी झाली. तिला वाजवणं झेपेना आणि डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं. त्याच सुमारास वेंडेलचा निरोप आला: चर्चच्या वर्धापनदिनाला येतोय, आईसाठी काही रचलंय आणि ते आपल्या जुन्या पायपेटीवरच वाजवणार.

महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई फ्लॉरेन्स बिकर्स यांची झोपच उडाली.

"अगं बाई, वेंडेल एवढा न्यूयॉर्कहून येणार आणि ही म्हातारी पेटी त्याच्यापुढे खोकत बसणार? गावाची शोभा होईल!"

"माझ्यावर सोड," तिचा नवरा क्लेम म्हणाला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

आमच्या गावात उपकार विचारून करत नाहीत. विचारलं की समोरचा 'कशाला उगाच त्रास' म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे वेंडेलला कुणी काही कळवलं नाही. क्लेमने माझ्या भात्याला नवं कापड लावलं, उंदरांनी पाडलेली भोकं बुजवली आणि तळघरात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बसवून तिची नळी थेट माझ्या पोटात आणली. आता पाय मारायची गरजच नव्हती. बटण दाबलं की सूर सुरू, इस्त्री केल्यासारखा सपाट. खोटं कशाला बोलू, मला तरुण झाल्यासारखं वाटलं.

वर्धापनदिनाच्या रविवारी गाडीला उशीर झाला आणि वेंडेल प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात पोचला. अ‍ॅडेला काठी घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. त्याने फळ्यांवर पाय ठेवले तोच मागून क्लेम ओरडला, "पाय नको मारूस रे! बटण दाब, बटण!"

वेंडेलने वाजवायला सुरुवात केली. सूर एकसारखे, गुळगुळीत बाहेर पडू लागले. लोक आदबीने ऐकत होते. तेवढ्यात अ‍ॅडेला शेजारच्या फ्लॉरेन्सला, कमी ऐकू येणारी माणसं कुजबुजतात तशी खणखणीत आवाजात म्हणाली, "ही कुणाची पेटी आणलीत गं?"

वेंडेलचे हात थांबले.

"क्लेम, काम झकास केलंयस. पण मोटर जरा बंद कर ना."

"का रे? जळका वास येतोय का?"

"नाही. मला तिची ती धाप हवीय."

"धाप?" फ्लॉरेन्स ताडकन उठली. "तीच घालवायला तर आम्ही एवढे खपलो!"

मोटर थांबली. वेंडेलने स्वतः पाय मारून पाहिले, पण त्याचे दोन्ही पाय धडधाकट, मला धाप काही लागेना. त्याने हताश होऊन आईकडे पाहिलं.

"आई, पाय मारायला येतेस?"

"मी? या गुडघ्याने?"

"याच गुडघ्याने."

ती आली. मायलेक एका बाकावर बसले. पाय तिचे, हात त्याचे. डावा दणकन, उजवा कुरकुरत. नवं कापड असूनही मला धाप लागली आणि वेंडेलची चाल उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. बाकांवरची माणसं नकळत तिच्याबरोबर श्वास घेऊ लागली. अ‍ॅडेला मध्येच थांबली.

"थांब, थांब. अरे, हा तर माझा गुडघा!"

सगळं चर्च हसलं.

"तुझाच," वेंडेल म्हणाला. "मी आजवर जे जे रचलं, त्या सगळ्यात तोच आहे गं."

तिने हातमोज्याने डोळे पुसले.

"मग आधी सांगायचंस ना, मेल्या! चल, पुढचं वाजव. छान आहे."

त्या हिवाळ्यात अ‍ॅडेला गेली. क्लेमने मोटर काढून टाकली, अर्थात कुणाला न विचारता. आता वर विजेचा ऑर्गन आहे आणि मी तळघरात असते. सामुदायिक जेवणाच्या दिवशी माझ्यावर जेलीचे साचे ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला उंदरांपासून जपा, दुरुस्तही करा. मात्र त्याआधी, ते ज्या माणसाने आयुष्यभर वाजवलं त्याला हाक मारा, वाजवायला सांगा आणि शेजारी बसून ऐका. वेंडेलला त्यासाठी एकच रविवार मिळाला. मला अजून वाटतं, आणखी थोडे मिळायला हवे होते.