मॅकगिलिव्रेंची मुलगी

मडमने बाटलीतलं पाणी ओतून दगड धुतला आणि रुमालाने एकेक अक्षर पुसायला घेतलं. जीवराम विळा धरून बाजूला उभा होता. गवत केव्हाच काढून झालं होतं, तरी विळ्याची मूठ त्याच्या हातून सुटत नव्हती.

धुळ्याच्या कडेला असलेल्या गोऱ्यांच्या या जुन्या कबरस्तानाची राखण तो तेहेतीस वर्षं करत होता. इथे कोणाला शोधत कोणी येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि ही मोराग नावाची बाई थेट स्कॉटलंडहून आली होती, सोबत दुभाषी म्हणून कॉलेजात शिकवणारी हेमांगी. मडमच्या वहीत एकच आडनाव सात तऱ्हांनी लिहिलेलं होतं. कुठे मॅकगिलिव्रे, कुठे मॅकिलव्रे, कुठे नुसतंच गिलव्री. ज्या कारकुनाला जसं सुचलं तसं त्याने लिहिलं, त्यामुळे ही कबर सापडायला तिला नऊ वर्षं लागली. तिच्या पणजोबांची बहीण तीन महिन्यांची असताना इथे तापाने गेली होती.

"निवाड्याच्या सेवकाचा मुलगा, असा या आडनावाचा मूळ अर्थ आहे म्हणे, नाना," हेमांगीने सांगितलं.

निवाडा म्हटल्याबरोबर जीवरामने दगडावरची नजर काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं.

कारण त्या दगडाखाली ती पोर नव्हतीच. एकतीस वर्षांपूर्वी श्रावणात जीवरामची स्वतःची लेक नवव्या दिवशी गेली. बारसंसुद्धा झालं नव्हतं. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पण पांझरेला पूर आलेला, नदीकाठची नेहमीची जागा पाण्याखाली. त्याने तिला इथेच पुरलं. कुत्री उकरतील म्हणून शेजारच्या कबरीवरचा निखळलेला हाच दगड ओढून तिच्यावर ठेवला. पाणी ओसरल्यावर परत लावू म्हणाला, आणि त्याला ते कधीच जमलं नाही.

मडम रडू लागली. आपल्या लेकीसाठी आपण नि बायको भिकुबाई सोडून आजवर कोणी रडलं नव्हतं, हे आठवून जीवरामचा जीव गलबलला. खरं सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण सांगितलं की दगड हलणार, आणि मग लेकीची काय खूण उरणार?

मडमने शेजारच्या उघड्या, बिनदगडाच्या उंचवट्याकडे बोट केलं. याचं कोणीच नाही का, असं ती विचारत होती.

"तिले बी मायबाप शेतस," जीवराम खालमानेने म्हणाला.

तिलाही आईबाप आहेत, असं हेमांगीने सांगितल्यावर मडमने एक फूल तिथेही ठेवलं. मग तिने पिशवीतून लहान डबी काढली. लेक इथे ठेवून स्कॉटलंडला परत गेलेली त्या पोरीची आई तिकडे गावाकडे पुरलेली होती. तिच्या कबरीवर घालायला मूठभर माती मिळेल का?

जीवराम खाली बसला, पण दगडापाशी नाही. दोन हात सरकून त्याने उघड्या उंचवट्यात विळ्याचं टोक खुपसलं.

"नाना, तिथली कशाला?" हेमांगीने विचारलं.

"आठेनी माटी मऊ शे, ताई."

हेमांगीने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग दगडाकडे. मडमला तिने मऊ मातीचंच कारण सांगितलं. तिने डबीचं झाकण उघडून धरलं.

घरी भिकुबाईने विचारलं, मडम कशाला आली होती.

"पोर लेवाले," जीवराम म्हणाला. "ती आज गयी तिनी मायकडे."

भिकुबाईचा हात पिठात थांबला.

"आन आपली?"

त्याने विळा खुंटीला अडकवला.

"आपली तठेच शे."