औषध कोणासाठी

माझ्या हातची गाडी गेली ते मला डेपोच्या खिडकीशी कळलं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरी बसवेना म्हणून मी पुन्हा कामावर येऊ लागलो होतो. त्या सकाळी किल्ली मागितली, तर मेहुण्याने दिली नाही. हिचा धाकटा भाऊ डेपोत सुपरवायझर आहे.

"दाजी, आत या," तो म्हणाला. "दार लावून घ्या."

मी बसलो. तो माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघून बोलत होता.

"नव्या विम्यासाठी सगळ्यांचे मोबाईल नंबर दिले होते ना, त्या विमावाल्यांकडून आलंय. तुम्हाला फिट येतात म्हणे. कित्येक वर्षांच्या गोळ्यांची नोंद आहे. शाळेची गाडी आहे दाजी, मी तरी काय करू?"

"मला कधी फिट आली रे?"

"तेच मी म्हणतोय. पण औषध तुमच्या नावावर येत होतं. ताईनं कधी बोलून दाखवलं नाही."

बाहेर मेकॅनिकला कळलंच होतं. तो म्हणाला, "गाडी झटके खाते म्हणून मी दरवेळी क्लच बदलत बसलो. आधी सांगायचं ना मालक." सगळे हसले. मीही हसलो आणि डबा घेऊन घरी आलो.

फिट हिला यायच्या. लग्नानंतर सुरू झाल्या, गोळ्यांनी आटोक्यात होत्या. माहेरी कळू द्यायचं नाही, एवढंच तिचं मागणं होतं. तिचा थोरला भाऊ लहानपणी तळ्यात पोहताना फिट येऊन बुडाला. सासूबाई काठावर कपडे धूत होत्या. "आईला कळलं तर ती माझ्याकडे बघताना त्यालाच बघत बसेल," असं ही म्हणायची. कोपऱ्यावरचा औषधवाला मेहुण्याचा दोस्त, म्हणून गोळ्या ऑनलाइन मागवायची. तिचा फोन बटणांचा, म्हणून माझ्या फोनवरून. ॲप विचारायचं, औषध कोणासाठी? ही 'स्वतः'वर बोट ठेवायची. स्वतःसाठीच तर मागवत होती. फोन माझा, तेव्हा तिथला 'स्वतः' म्हणजे मी, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो जायचा, त्यावर नाव तिचंच होतं. तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

शेवटी ती झोपेतच फिट येऊन गेली. मी सगळ्यांना हार्ट अटॅक सांगितला.

मी त्या ॲपवाल्या औषध कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, रेकॉर्डप्रमाणे पेशंट तुम्हीच आहात."

"मी नाही. माझ्या फोनवरून दुसऱ्याचं औषध यायचं."

"मग त्या पेशंटचं नाव, तुमचं नातं आणि त्यांची संमती लागेल. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवू का?"

"पाठवून उपयोग नाही. ती वारली."

"सॉरी सर. मग मृत्यूचा दाखला अपलोड करा."

"आणि माझी माहिती विमावाल्यांना दिली, तेव्हा माझी संमती कधी घेतली?"

"अटी मान्य केल्याशिवाय ॲप उघडतच नाही, सर."

"बरं. दुरुस्ती केली तर ती कोणाकोणाला कळेल?"

"जिथे जिथे माहिती गेली, तिथे सगळीकडे नावासकट जाईल. तुमच्या ऑफिसलासुद्धा."

म्हणजे मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि सासूबाई त्याच्याच घरी असतात. मी डॉक्टरांकडून दाखला आणला की मला काही आजार नाही. विमावाल्यांनी तो परत पाठवला. आधी रेकॉर्ड दुरुस्त करून आणा म्हणाले.

रविवारी मेहुणा सासूबाईंना स्कूटरवरून सोडून गेला. त्या चपला काढून सरळ न्हाणीघराकडे गेल्या.

"जावईबापू, आतून कडी लावत जाऊ नका. बादली भरून ठेवू नका. पाण्यापाशी एकट्यानं जायचं नाही."

"बरं."

त्यांनी दाराच्या आतल्या बाजूने हात फिरवला. कडी नव्हतीच, नुसती स्क्रूची भोकं होती. ती कडी हिने फार पूर्वीच काढून टाकली होती.

"लेकीनं काढली ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमच्यासाठी?"

मी मान डोलावली.

"शहाणी होती पोर," त्या म्हणाल्या. "मला मेलीला एक शब्द बोलली नाही. भावाचं आठवून मला त्रास होईल, म्हणून एकटीनं तुमचं सगळं केलं. आता तुमच्याकडे कोण बघणार?"

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा ठेवला. पातेली कुठे, साखर कुठे, काही विचारलं नाही. जाताना म्हणाल्या, "गोळी चुकवू नका हं. माझ्या पोराची चुकली होती."

तेव्हापासून त्या सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारतात, गोळी घेतली का? मी घेतली म्हणतो. कंपनीचा मेसेजही अजून येतो, तुमचं औषध संपत आलं आहे. मेहुणा म्हणतो, दाजी, ते दुरुस्तीचं तेवढं बघा, बदली ड्रायव्हर किती दिवस ठेवू?

कंपनीच्या पानावर 'पेशंटचे नाव' अशी एक चौकट आहे. ती मी अजून भरलेली नाही.