कुसुमबाईचं वाक्य

दवनीवाडा गावच्या मोनालीला ‘बोंब’ या नागपूरच्या पंक बँडची अकराच्या अकरा गाणी पाठ होती. गिटार करवतीसारखी, ड्रम म्हणजे पत्र्यावर दगड, आणि हेमेंद्र नावाचा गाणारा गायचाच नाही, ओरडायचा. गोंदियातल्या ज्या झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला होती, तिथला मालक म्हणायचा, “ये क्या सुनती है? कुत्ते लड़ रहे हैं क्या?” मोनाली हसायची आणि आवाज वाढवायची.

त्यातलं एक गाणं तिच्या घरातलं होतं.

तीन वर्षांपूर्वी तिचा भाऊ संघदीप एका राइस मिलमध्ये अडकलेलं धान मोकळं करायला टाकीत उतरला. वरचं धान सरकलं आणि तो त्याखाली गेला. बाहेर काढेपर्यंत संपलेलं होतं. मिलवाले म्हणाले, पोरगा पिऊन होता. तेव्हा तिची आई कुसुमबाई, जी धानाच्या रोवणीला दिवसभर बायांत वाकून चार शब्द बोलायची नाही, ती मिलच्या फाटकासमोर डांबरावर बसली आणि म्हणाली, “माया पोरगा दारू नाही पेत. तुमी त्याले धानाखाली गाडलं.” कोणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत ‘बोंब’पर्यंत गेला आणि त्याचं गाणं झालं : ‘दारू नाही पेत’. अडीच मिनिटांचं.

केस पोलीस स्टेशनात गेली आणि तिथंच निजली. गावानं हळहळ केली, मग गाव आपल्या कामाला लागलं. पण त्या गाण्यात एक अनोळखी माणूस त्यांच्या बाजूनं शिरा ताणून ओरडत होता. आपल्याइतकं चिडलेलं जगात आणखी कोणी आहे, एवढ्यावर मोनालीनं ती वर्षं काढली.

म्हणून ‘बोंब’ गोंदियाला येणार, एका मैदानावर संध्याकाळी पाच वाजता वाजवणार असं कळलं, तेव्हा ती आईच्या मागंच लागली.

“मी कायले येऊ? मले त्यातलं का समजते?”

“तुयेच शब्द आहेत, आई. लोक कसे म्हनतात ते एकदा आयक तं.”

कुसुमबाईनं बुद्धपौर्णिमेला नेसते ती पांढरी साडी काढली. दोघी बसनं आल्या.

सुरुवात झाली आणि मोनाली आई सोबत आहे हे विसरूनच गेली. स्पीकरचा धक्का छातीला बसत होता. ती उड्या मारत होती, ओरडत होती, शेजारच्या अनोळखी पोरीच्या खांद्यावर हात टाकून गात होती. इतकी मोकळी ती भाऊ गेल्यापासून झाली नव्हती. कुसुमबाई कानांवर पदर धरून उभी होती, पण लेकीकडं बघून हसत होती.

मग ते गाणं आलं.

पहिल्याच ठोक्याला पुढच्या पोरांनी बाटल्या वर केल्या. “दारू नाही पेत!” असं ओरडायचं, एक घोट मारायचा, डोळा मारायचा आणि एकमेकांच्या गळ्यात पडायचं. सगळ्यांना माहीत असलेला खेळ होता तो. गाणं कानात एकटीनंच ऐकणाऱ्या मोनालीला तेवढा माहीत नव्हता. स्टेजवर हेमेंद्रनंही पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि झोकांड्या खाऊन दाखवल्या. मैदान हसून लोळायचं बाकी राहिलं.

मग त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आवाज जड केला.

“दोस्तो, हे गाणं एका आईचं आहे. मुलाच्या दुःखात ती सहा महिन्यांत गेली. तिच्यासाठी एक मिनिट शांतता नको. एक मिनिट बोंब!”

मैदान बोंबलायला लागलं. पोरींनी ओंजळी तोंडाशी धरल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुसुमबाईनं लेकीचा हात ओढला.

“कोन मेलं?”

मोनालीनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

“तू,” मोनाली म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर ती आईला धरून स्टेजमागं गेली. हेमेंद्र टॉवेलनं मान पुसत होता. जवळून तो दिसायला साधा होता, थकलेला. सेल्फीसाठी आल्या असतील म्हणून तो आपणहून दोघींच्या मधे येऊन उभा राहिला.

“मी मेली नाही, बाबू,” कुसुमबाई म्हणाली. “ते मीच होय. फाटकापासची.”

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो पटकन वाकून पाया पडला. “आई, सॉरी. शोमध्ये थोडं तसं सांगावं लागतं. पब्लिकच्या आत उतरतं. नागपूरच्या शोला तुम्ही स्टेजवर या ना! लोक वेडे होतील.”

“माया पोराचं नाव सांग,” कुसुमबाई म्हणाली.

हेमेंद्र ड्रमवाल्याकडं बघू लागला. ड्रमवाला वायरी गुंडाळत होता, त्यानं मान खाली घातली.

“त्याच्यावर तुमी गाऊन राहिले ना? मंग नाव सांग.”

“आई, गाण्यात नाव नाहीये, म्हणून...”

“चल वो,” कुसुमबाई लेकीला म्हणाली. पण तेवढ्यात कोणीतरी फोटो घेतलाच.

बसमध्ये बसल्यावर कुसुमबाई म्हणाली, “हे तुले काऊन आवडत होतं?”

“मले वाटलं, ते आपल्यासाठी चिडून राहिले.”

“चिडनं त्याइचं काम होय,” आई म्हणाली. रागानं नाही. राग असता तर मोनालीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बँडनं फोटो टाकला : ‘आई भेटली! ती जिवंत आहे!!’ खाली शेकडो लाल बदाम. मोनालीनं दुकानात मशीन चालू ठेवूनच लिहिलं, ‘त्याचं नाव संघदीप होतं. तो दारू पीत नव्हता.’ बँडनं त्यालाही बदाम दिला. कोणा पोरानं खाली बाटलीचं चित्र टाकलं.

तिनं ती अकराही गाणी मोबाइलमधून काढून टाकली. पण पाठ झालेलं कुठून काढणार? बस स्टँडवरून दुकानाकडं भरभर चालताना पावलांना आपोआप तोच ठेका लागायचा, ओठ हलायला लागायचे, आणि मग भर रस्त्यात तिला स्वतःचाच संताप यायचा.