रुक्मिणीच्या कॅलेंडरावरचे ठिपके

संडासाच्या कडीचा आवाज रुक्मिणीला मिक्सर चालू असतानाही ऐकू यायचा. कडी लागली की ती ओला हात पदराला पुसायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खुणेखाली, पेन्सिलीनं एक ठिपका द्यायची. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत तिनं आयुष्यभर ह्याच कॅलेंडरांवर सगळं लिहिलं होतं. दूध कधी चुकलं, सिलिंडर कधी लावला, लेकीची परीक्षा कधी. आता नवऱ्याचं पोट लिहीत होती. मंगळवारी नऊ ठिपके, बुधवारी अकरा. रक्त पडलं असेल तर तो ठिपका लाल पेनानं.

आणि दत्तारामच्या वहीत? मंगळवारी तीन, बुधवारी तीन. रक्त, नाही.

ही वही दिली होती अंधेरीच्या हॉस्पिटलनं. दत्ताराम तोरसकर साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर अठ्ठावीस वर्षं उभा राहिलेला माणूस. गेली सहा वर्षं त्याचं मोठं आतडं आतून सोलवटलं होतं. डॉक्टरी भाषेत अल्सरेटिव्ह कोलायटिस. गाळ्यात चार कारखान्यांना मिळून एक संडास, त्यामुळे शेवटी नोकरीच सुटली. जुन्या गोळ्या लागू पडेनात तेव्हा डॉक्टर निहार म्हणाले, आमच्याकडे एका नव्या औषधाचा अभ्यास चाललाय, येता का? निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तुम्ही फक्त रोज वही भरायची.

त्या दिवशी बावीस पानांचा मराठी फॉर्म पुढ्यात आला होता. मराठी म्हणजे कसली मराठी, 'सहभागी व्यक्तीच्या प्रतिसादाच्या अभावी' असली. रुक्मिणी म्हणाली, "घरी नेऊन वाचूया?" दत्तारामनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं डॉक्टरांना तोंडावर चोर म्हटलं. एवढा मोठा माणूस आपल्याला खुर्चीत बसवून चहा देतो, आणि आपण त्याच्यासमोर कागद वाचत बसायचं? त्यानं बावीस पानांवर बावीस सह्या ठोकल्या, वळणदार. सहीचा त्याला भारी अभिमान.

मग सुरू झालं खोटं. पहिल्याच आठवड्यात त्यानं सहा लिहिलं आणि वह्या तपासणारी श्रुतिका, चुणचुणीत पोर, कागदाकडे बघून जरा गप्प झाली. एवढंच. तेवढं त्याला पुरलं. पुढच्या आठवड्यात चार, मग तीन.

"खोटं कशाला लिहिता?" रुक्मिणीनं कॅलेंडरासमोर उभं राहून विचारलं.

"तुका काय कळता?" तो आपल्या मालवणीत म्हणाला. "गाळ्यात ज्येचा काम जमत नाय तेका मालक ठेयता? गुण दिसलो नाय तर हे पण काढून टाकतले. मगे खरी गोळी खंयसून मिळतली?"

वर आणखी एक गोम होती. लोक एवढं करतात आणि आपण दर खेपेला जाऊन रडगाणं गायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याचा बाप गिरणीत होता. छातीत कापूस साठून खोकत गेला, पण कुणी विचारलं तर 'बरा आसा' म्हणूनच गेला. घराण्याचा हा एकच वारसा दत्तारामनं इमानानं सांभाळला. हॉस्पिटलच्या दिवशी तर तो आदल्या दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही घालायचा नाही, म्हणजे मेट्रोत आणि डॉक्टरांसमोर पोट शहाण्यासारखं वागायचं. डॉक्टरांना दिसायचा तो हा उपाशी, इस्त्रीच्या शर्टातला दत्ताराम. तपासणीत हिमोग्लोबिन कमी यायचं, पण ते म्हणायचे, जुन्या आजारानं आहे, भरून येईल. दुर्बीण घालून आतडं बघायचं होतं ते वर्षाच्या शेवटी.

दहाव्या आठवड्यात रुक्मिणीनं कॅलेंडराची तीन पानं गुंडाळून पिशवीत घातली आणि सोबत निघाली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण त्या आठवड्यात लाल ठिपक्यांना चौकोनात जागा उरली नव्हती.

बाकावर शेजारी एक बाई बसली होती, विलेपार्ल्याची, शर्मिष्ठाबाई. तिलाही हाच आजार, हाच अभ्यास. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. त्या बावीस पानांवर तिनं पेन्सिलीनं चुका काढल्या होत्या, खरंच, वेलांट्यांसकट.

"तुमच्या मिस्टरांचं कसं आहे?" तिनं विचारलं.

"वहीत बरं आहे," रुक्मिणी म्हणाली.

बाई हुशार. तिनं चष्म्यावरून पाहिलं, पान चौदा काढलं आणि बोट ठेवून समजावलं. आज दहावा आठवडा. वहीप्रमाणे ज्याला गुण नाही, त्याला आजपासून खरं औषध मिळणार, नक्की. ज्याला गुण आहे, त्याला आहे तेच पाकीट वर्षभर. "माझं काही सुधारलेलं नाही, मी भांडून तसंच लिहिलंय," ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांना आत्ताच सांगा."

रुक्मिणी ताडकन उठली. म्हणजे ह्यांनी नापास होऊ नये म्हणून चोरून गुण वाढवले, आणि इथे औषध नापासांनाच होतं. ती धावत पाणी प्यायला गेलेल्या दत्तारामकडे गेली. पान चौदा, गुण नसेल तर खरी गोळी, सगळं एका दमात सांगितलं. तो हसला. "त्या मास्तरणीचा काय ऐकतंस? भांडखोर बाई ती. गुण नाय तेका बक्षीस देतत? असा खंय आसता?"

तेवढ्यात नाव पुकारलं.

केबिनमध्ये डॉक्टर निहार वही चाळत होते आणि त्यांचा चेहरा फुलला होता. "श्रुतिका, बघ. तोरसकर आपले स्टार पेशंट आहेत." श्रुतिका हसली. दत्ताराम खाली मान घालून, लग्नात आहेर स्वीकारावा तसा बसला होता. रुक्मिणीचा हात पिशवीत होता. कागदाची गुंडाळी बोटांना लागत होती.

"डॉक्टर, जरा..." ती म्हणाली.

दत्तारामनं मान वर केली. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर ती बोललीच असती. त्यानं गयावया केल्यासारखं पाहिलं. चारचौघांत, ह्या मोठ्या माणसासमोर, ह्या पोरीसमोर, बायकोनं आपल्याला खोटं पाडू नये, एवढंच मागत होता तो.

"बोला ना काकी," डॉक्टर म्हणाले. "काही त्रास वाटतोय का त्यांना घरी?"

ते विचारत होते, हे लक्षात घ्या. सरळ, माणसासारखं विचारत होते.

"नाही," रुक्मिणी म्हणाली. "बरं आहे त्यांचं."

श्रुतिकानं कागद पुढे केला आणि दत्तारामनं सही केली. आहे तेच पाकीट. बाहेर येईपर्यंत रुक्मिणीनं पिशवीतली गुंडाळी मुठीत चुरगळून टाकली होती.

पुढचं लांबण लावण्यात अर्थ नाही. चार महिन्यांत माणूस काठीसारखा झाला. एका सकाळी संडासातच पडला. कडी आतून लावलेली, शेजाऱ्यांनी दार तोडलं. जवळच्या महापालिकेच्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जननं आतड्याची अवस्था पाहिली आणि विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात?" दोन दिवसांत मोठं आतडं काढून टाकलं आणि पोटाला भोक पाडून पिशवी लावली. कायमची. अंधेरीला कुणी कळवलं नाही. दत्ताराम शुद्धीवर येताच म्हणाला होता, "त्येंका कळवू नको, बिचाऱ्यांका वाईट वाटात."

वर्ष पुरं झाल्यावर अंधेरीहून पत्र आलं. अभ्यास संपला, पाकिटं उघडली. आपणांस औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या होत्या, आपल्या बहुमोल सहभागाबद्दल आभार. रुक्मिणीनं ह्या वेळी सगळं वाचलं. मग ट्रंकेतून तो बावीस पानांचा फॉर्म काढला आणि तोही वाचला, ओळीखाली बोट सरकवत. तासभर लागला. नुसता एक तास. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

चार दिवसांनी दुपारी श्रुतिकाचा फोन. मध्येच येणं बंद केलेल्या माणसांनाही शेवटचा एक फोन करायचा असतो म्हणे. दत्तारामनं स्पीकर लावला.

"काका, दोनच प्रश्न. सध्या दिवसातून कितीदा जावं लागतं?"

दत्तारामनं क्षणभर विचार केला. "एकदाही नाय."

"आणि रक्त?"

"नाय."

"अरे वा काका, झकास. शून्य लिहिते हं."

रुक्मिणीची नजर कॅलेंडरावर गेली. गेल्या पाच पानांवर दुधाच्या खुणा तेवढ्या होत्या, ठिपका एकही नाही. तिनं फोन ओढून घेतला.

"शून्य लिही, बाळा, लिही. आतडंच काढलंय त्यांचं. पोटाला पिशवी बांधलीय. ह्यांनी वहीत लिहिलेलं सगळं खोटं होतं. नऊ-नऊ, अकरा-अकरा वेळा जायचे हे. माझ्याकडे पानं आहेत सगळी, चुरगळलेली का होईना. तुमच्या त्या संशोधनात हे कुठं बसतं, ते सांग मला."

श्रुतिका रडवेल्या आवाजात म्हणाली, "काकी, सरांनी तुम्हाला विचारलं होतं. मी तिथेच उभी होते. तुम्ही बरं आहे म्हणालात."

खरं होतं. फोन धरलेला रुक्मिणीचा हात खाली आला. दत्तारामनं त्यातून फोन हलकेच काढून घेतला.

"त्या चेडवाक कित्याक दुखवतंस?" तो त्या पोरीच्या काळजीनं बायकोला हळूच म्हणाला. मग फोन तोंडाशी धरून, घसा साफ करून, शहरातल्या मराठीत बोलला, "बाई, हिचं मनावर घेऊ नका. माझं बरं आहे."

पिशवी बदलायची वेळ झाली होती. रुक्मिणी हातमोजे आणायला उठली.