मागची अर्धी जागा

मित्रांनो, मी एका मोटारसायकलची जुनी सीट आहे. खाली पत्रा, त्यावर जाड फोम आणि वर काळं रेक्झिन. नवी होते तेव्हा माझा काय रुबाब होता! आता मी कुणाच्या नजरेसही पडत नाही.

माझा मालक शिंपी होता. त्याची लहानगी मुलगी शाळेतून येताना मागे बसून हमखास पेंगायची. मग तो कापडाचा रुंद पट्टा दोघांच्या कमरेभोवती बांधायचा. उन्हाने माझं रेक्झिन फाटलं, तेव्हा त्यानेच जाड दोऱ्याने ठिगळ लावलं. त्या टाक्यांचा मला फार अभिमान होता.

वर्षं गेली. शिंप्याची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. आता मुलगी पुढे आणि तो मागे. माझा मागचा फोम हळूहळू त्याच्या बैठकीला सरावला, त्यामुळे तो निवांत बसे. मुलीला मात्र मी नकोशी झाले. तिचंही खरंच होतं. ती दिवसभर विजेचे मीटर तपासत फिरायची आणि पुढचा फोम दबल्यामुळे खालचा पत्रा तिला टोचायचा. त्यातून ठिगळाला मैत्रिणी हसायच्या.

एके दिवशी तिने नवी सीट बसवून आणली. लाल शिलाईची, मागे उंच आणि निमुळती.

"बाबा, कशी आहे?"

"झकास! गाडी पुन्हा तरणी केलीस की."

मला दाराशी एका खोक्यावर ठेवलं. चपला घालताना शिंपी माझ्यावर टेकायचा. मी मनातून धुमसत होते, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांनी डायलिसिसला निघायच्या वेळी शिंपी म्हणाला, "आज राहू दे. बरं वाटतंय मला." पुढच्या खेपेलाही तेच. त्याचे पाय सुजले, दोन पावलांवर धाप लागू लागली. मुलगी कामावरून आली तेव्हा तो माझ्यावरच बसला होता.

"बाबा, जिवाशी खेळ चाललाय का हा?"

त्याने माझ्यावरून हात फिरवला. "त्या सीटवर मी पुढं घसरतो गं. सगळा भार तुझ्या पाठीवर येतो. परवा वळणावर तुझा तोल गेला. माझ्यापायी तू पडलीस तर?"

"मग आधी का नाही बोललात?"

"एवढ्या हौसेनं आणलीस. कुठल्या तोंडानं सांगू?"

तिचे डोळे भरून आले. "दुकानात मी एकटीच बसून बघितली, बाबा. तुम्हाला न्यायचं डोक्यातच आलं नाही." त्याच पावली तिने रिक्षा बोलावली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

तो सावरल्यावर ती मला सीट शिवणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेली. दोघं बसल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्याचा नियम. त्याने मला गाडीवर चढवलं आणि बापलेकीला उभ्या गाडीवर अर्धा तास बसवून ठेवलं. "गप्पा मारा. पाच मिनिटं कुठलीही सीट मऊच लागते," तो म्हणाला. मुलगी चुळबुळ करू लागली, तिथे त्याने खडूने खूण केली. शिंपी जागचा हलला नाही. म्हणून कारागिराने पुढचा फोम बदलला आणि मागच्याला हात लावला नाही. वरून नवं काळं कापड चढलं. लाल शिलाई शिंप्यानेच सुचवली. माझं ठिगळ आत तसंच राहिलं.

दुसऱ्या सकाळी शिंपी मागे बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाला, "चल." त्या दिवसापासून त्याची एकही खेप चुकलेली नाही. लोक लाल शिलाईचं कौतुक करतात आणि मी आत गप्प असते. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, नवी सीट जरूर घ्या, चांगली देखणी घ्या. पण मागे बसणाऱ्याला दुकानात सोबत न्या आणि जरा वेळ बसू द्या. त्याला त्रास झाला तर तो तक्रार करणार नाही. तो फक्त तुमच्यासोबत यायचं बंद करेल.