त्रिकोण घट्ट, हात मोकळा

दादाला अक्कल कमी, हे मी लहानपणापासून म्हणत आलेय. पण त्या दुपारी त्याने कहरच केला. हॉस्पिटलमधून आम्ही तिघं भावंडं थेट बाबांच्या पूल हॉलमध्ये आलो. अर्धं शटर वर केलं, पहिल्या टेबलावरचा दिवा लावला आणि हा म्हणतो, "ब्रेकवर ठरवू." डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यावर!

काय ठरवायचं ते विचारायची गरज नव्हती. बाबांचा श्वास आता मशीन घेत होतं. ते परत शुद्धीवर येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. मशीन चालू ठेवायचं की काढायचं, हे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"एक जरी बॉल पॉकेटात पडला तर चालू ठेवायचं," दादा म्हणाला. "नाही पडला तर..." पुढचं त्याने गिळलं.

"लाज कशी वाटत नाही रे तुला? बाप आहे तो आपला!"

"मग तू सांग. सांग ना, काय करायचं?"

मी फडक्याने टेबल पुसायला लागले. धाकटा तर नुसता मुसमुसत होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादाचा ब्रेक म्हणजे तोफ. बाबा नव्या पोरांना सांगायचे, "त्रिकोण घट्ट आणि हात मोकळा, मग चारातून तीनदा काही ना काही पडणारच. उरलेला एक देवाचा." सकाळी वॉर्डात "मी माझ्या बापाला मरू देणार नाही" म्हणून बोंबलणारा दादाच होता. म्हणजे याला बॉल पाडायचाच होता, वर नशिबाचा शिक्काही हवा होता. म्हटलं, चला, असंच होऊ दे. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

बॉल रचायचा लाकडी त्रिकोण मी लावला. आमच्यात तो नेहमी मीच लावते. बॉल भरले, अंगठ्यांनी मागून रेटले, वाकून पाहिलं. पुढच्या बॉलमागे केसाएवढी फट राहिली तरी सगळा मार आतच जिरतो. फट नव्हती. त्रिकोण अलगद उचलला.

दादाने क्यूच्या काठीला खडू लावला, वाकला आणि मारलं.

आवाजावरूनच कळलं. बॉल आळसावल्यासारखे इकडेतिकडे पसरले. एक कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी गेला आणि थांबला. पडला काहीच नाही.

"हात राखलास तू," मी म्हणाले.

"क्यू घसरला."

"दादा, माझ्या तोंडावर खोटं बोलू नकोस! एवढा हळू तू उभ्या जन्मात मारला नाहीयेस."

तो टेबलाची कडा धरून खाली बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, नाक गळेपर्यंत. कानफटात द्यावीशी वाटली मला.

"ताई, परत लाव ना," धाकटा म्हणाला. "तू मार. दादाचा ब्रेक धरायचाच नाही."

रागारागात मी बॉल गोळा केले. पुन्हा त्रिकोण लावला, पहिल्यापेक्षा घट्ट. क्यू घेतला. दादाची ताकद माझ्यात नाही, पण एखादा बॉल पाडण्यापुरती नक्कीच आहे. वाकले, पांढऱ्या बॉलवर नेम धरला.

आणि सकाळी हातात घेतलेला बाबांचा हात आठवला. सुजून टम्म झालेला. मी त्यांच्या अंगठ्यावरचा निळा खडू शोधत होते. आयुष्यभर तो डाग गेला नव्हता, नर्सने पुसून टाकला होता. मी बोटं दाबली, हाका मारल्या, पण तो हात बाबांचा राहिलाच नव्हता.

दंड ताठच्या ताठ राहिला. मोकळा म्हणून होईना.

"मार ना, ताई," धाकटा म्हणाला.

मी सरळ उभी राहिले. क्यू भिंतीवरच्या फळीत ठेवला. दादा खालून माझ्याकडे बघत होता. त्याच्यावरचा राग कुठे गेला कोण जाणे.

"डॉक्टरांना फोन मी करते," मी म्हणाले. "मशीन काढा म्हणून सांगते."

दोघांपैकी कुणीच नको म्हणालं नाही.